गोषवारा कोणाच्या हाती?

जुने कागद स्कॅन केले की ते सुरक्षित झाले, अशी हल्ली घरोघरी समजूत आहे. मला ती पटत नाही. स्कॅन केल्यानं कागद वाळवीपासून आणि किहीमच्या खाऱ्या हवेपासून वाचतो, माणसांपासून नाही. आमच्या वाडीचे कागद सध्या चुलतभावंडांत वाटून स्कॅन होताहेत. खरेदीखतं, फेरफार, वाटणीपत्र, थोडेसे मोडीतलेही. अलिबागकडे जमिनीला काय भाव आलाय ते सांगायला नकोच. दहा वर्षांनी दोघांकडे एकाच वाटणीपत्राच्या दोन वेगळ्या पीडीएफ निघाल्या, तर खरी कुठली हे कोण ठरवणार? म्हणून हे लिहितोय. ब्लॉगर मित्रांसाठी थोडं, नातेवाईक मंडळींसाठी जास्त.

शिवकाळात पत्राचा मजकूर संपला की खाली मोर्तबाचा छोटा शिक्का उठवत. महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' असं असे. पत्र इथे संपलं, याखाली कोणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे! पण वरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केली तर मोर्तब काही बोलत नाही. संगणकातलं मोर्तब मात्र बोलतं. त्याला मेसेज डायजेस्ट म्हणतात, बोलीभाषेत हॅश. मी त्याला गोषवारा म्हणतो. फरक एवढाच, की या गोषवाऱ्यावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. फाइल एका पानाची असो की हजार पानांची, गोषवारा तेवढ्याच लांबीचा. आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो.

तो काढायला पायथनमध्ये हॅशलिब नावाची लायब्ररी २००६ पासून, म्हणजे २.५ आवृत्तीपासून, आयतीच मिळते. पाच-दहा ओळींत काम होतं. फाइल बायनरी पद्धतीनं उघडायची, तुकड्यातुकड्यानं वाचून 'अपडेट'ला द्यायची, शेवटी 'हेक्सडायजेस्ट' मागायचं. हॅशलिबला अक्षरं चालत नाहीत, बाइट लागतात. 'किहीम' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटचा होतो, यूटीएफ-१६ मध्ये १० चा. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, गोषवारे मात्र पूर्ण वेगळे. डोळ्यांना दिसतं ते आणि फाइलमध्ये असतं ते एक नव्हे, हा धडा इथेच मिळतो.

आता वादाचा मुद्दा. अजूनही पुष्कळ जण सवयीनं एमडी५ वापरतात. रॉन रिव्हेस्ट यांनी तो केला, १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि २००४ मध्ये वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच गोषवारा असलेल्या दोन वेगळ्या फाइली करून दाखवल्या. एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये झालं, तेही दोन पीडीएफवर! यावर उत्तर येतं की आधीच असलेल्या फाइलशी जुळणारी दुसरी फाइल अजून कोणाला बनवता आलेली नाही, मग घरच्या कामाला एमडी५ पुरे. पहिली गोष्ट खरी, दुसरी नाही. कारण जो फाइल मुळात तयार करतो, तो एकाच गोषवाऱ्याच्या दोन फाइली आधीच करून ठेवू शकतो. आणि घरात फाइल कोण तयार करतो? स्कॅन करणाराच. जिथे शंका येऊ शकते नेमकी तीच जागा एमडी५ उघडी ठेवतो. एसएचए-२५६ चे ६४ अंक लिहायला लांबलचक आहेत खरे, पण असं भगदाड त्यात आजवर कोणाला सापडलेलं नाही.

गंमत म्हणजे आपला कायदाही इथे सैल आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना कलम ६३ खाली जो दाखला जोडायचा, त्यात हॅश लिहायला जागा आहे, ही फार चांगली गोष्ट. पण त्याच नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ अशा चौकटी शेजारीशेजारी आहेत, जणू तिन्ही सारख्याच दमाचे! माझ्या मते एमडी५ आणि एसएचए-१ तिथे नसायलाच हवे होते. असो. खूण एसएचए-२५६ वरच करा.

नातेवाईकांसाठी दोन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबून लहान होतो, म्हणजे ती दुसरीच फाइल. पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दुसरं, महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. ती सही गोषवाऱ्यावरच केलेली असते आणि ती पीडीएफमध्येच राहते. छापून पुन्हा स्कॅन केलात की सही गेली, उरलं चित्र. मूळ पीडीएफ जपा.

गोषवारा खरं-खोटं सांगत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. खोट्या खरेदीखताचाही गोषवारा निघतो, आणि झोकात निघतो. तो एवढंच सांगतो, की त्या दिवसापासून फाइल बदललेली नाही. तेही केव्हा? गोषवारा दुसऱ्याच्या हाती असेल तेव्हा. फाइल आणि गोषवारा एकाच फोल्डरमध्ये ठेवणं म्हणजे कुलपालाच किल्ली लावून जाणं. फाइल बदलणारा गोषवाराही नवा काढून ठेवील.

म्हणून माझा आग्रह असा. सगळ्या कागदांच्या गोषवाऱ्यांची एक यादी करायची, छापायची, तारीख घालून प्रत्येक पानावर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि एकेक प्रत काका, आत्या, दादा, वहिनी अशी प्रत्येक घरी द्यायची. "भावाभावांत असलं कशाला?" असं कोणीतरी म्हणेलच. भावाभावांतच हवं. आज सगळे एका पंगतीला बसतात म्हणून सह्या हसतखेळत होतील. बोलणं बंद झाल्यावर यादीवर सही कोण करणार? आणि ज्याच्या संगणकात मूळ फाइली आहेत त्याचीच सोय यात सगळ्यात जास्त. उद्या कोणी बोट दाखवलंच, तर त्याला शपथा घ्याव्या लागणार नाहीत. ६४ अंक ताडून बघा म्हटलं की झालं.