दोषी नायकाशी नाते

कथेतील नायक शूर, सत्यवचनी आणि निष्कलंक असावा, ही अपेक्षा फार जुनी आहे. तथापि वाचकाच्या मनात दीर्घकाळ घर करून राहणारी पात्रे बहुधा निष्कलंक नसतात. जी चुकतात, घाबरतात, स्वतःशी खोटे बोलतात, त्यांच्याविषयीच माणसाला अधिक जवळीक वाटते. कादंबरी व नाटक यांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वमान्य आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र ती अनेकांना पटत नाही. पडद्यावरच्या खेळात धावणे, उड्या मारणे आणि शत्रूला टिपणे यापलीकडे काही असू शकेल, असे त्यांना वाटत नाही. काही खेळ मात्र माणसाच्या मनालाच खेळाचे मैदान करतात. त्यांतील दोषी पात्रांशी खेळाडूचे जे नाते जडते, ते विचार करण्याजोगे आहे.

‘सायलेंट हिल २’ हे याचे ठळक उदाहरण होय. जपानमधील कोनामी या कंपनीने हा खेळ २००१ मध्ये प्रकाशित केला. पोलंडमधील ब्लूबर टीम या संस्थेने घडवलेली त्याची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली. हा खेळ प्रौढांसाठी आहे. त्याची कथा अमेरिकेतील एका काल्पनिक गावात घडते. तळ्याकाठचे हे गाव दाट धुक्यात बुडालेले आहे. जेम्स संडरलँड नावाचा एक साधा माणूस तेथे येतो. कारण त्याला पत्नीचे, म्हणजे मेरीचे पत्र आले आहे. आपण या गावी वाट पाहत आहोत, असे तिने लिहिले आहे. पण मेरी तर तीन वर्षांपूर्वीच आजारपणात वारली, असे जेम्स सांगतो.

खेळाडू जेम्सबरोबर धुक्यात हिंडतो, अक्राळविक्राळ आकृत्यांशी झुंजतो, आणि पत्नीचा शोध घेणाऱ्या या दुःखी माणसाविषयी त्याच्या मनात कणव दाटते. अखेरीस एका हॉटेलच्या खोलीत चित्रफीत पाहायला मिळते आणि सत्य उघड होते. मेरीचा जीव आजाराने घेतलेला नसतो. दीर्घ दुखण्याने खंगलेल्या, कडवट झालेल्या पत्नीच्या तोंडावर जेम्सनेच उशी दाबलेली असते, आणि ही गोष्ट त्याने स्वतःपासूनही दडवलेली असते.

खेळाडूची खरी अडचण येथे सुरू होते. ज्याच्या पावलांनी तो इतका वेळ चालला, तो माणूस खुनी निघाला. मग त्याच्याविषयी वाटलेली कणव परत घ्यायची काय? खेळ याचे सोपे उत्तर देत नाही. तिच्या वेदना पाहवत नव्हत्या, हे जेम्सचे म्हणणे खोटे नाही. पण तिचा कंटाळा आला होता, स्वतःचे आयुष्य परत हवे होते, हेही तो कबूल करतो. दया आणि स्वार्थ एकाच मनात शेजारी शेजारी नांदतात, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला जेम्स परका वाटत नाही.

या गावात जेम्सला भेटणारी माणसेही अशीच घायाळ आहेत. अँजेला ही तरुणी स्वतःच्या घरातच अत्याचार सोसून आली आहे. तिच्याभोवती पेटलेला जिना जेम्सला दिसतो. तिला मात्र सारे नेहमीच असे जळताना दिसत असते. एडी हा तरुण इतरांच्या कुचेष्टेने पोळलेला आहे. परंतु झालेल्या अपमानाला तो इतरांना ठार मारण्याचा परवाना समजू लागतो. लॉरा या आठ वर्षांच्या मुलीला मात्र गावात एकही राक्षस दिसत नाही. ज्याच्या मनात जे ओझे असेल, तेच त्याला तेथे दिसते.

अशा पात्रांत स्वतःला पाहणे योग्य आहे काय? अपराध्याशी जवळीक वाटू लागली, की अपराधही क्षम्य वाटू लागतो, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पडद्यावरच्या खुन्याची बाजू इतक्या हिरिरीने मांडणारेही असतात, की त्यांना मेलेल्या माणसाचा विसर पडतो. मात्र हा दोष जवळिकीचा नसून अर्धवट जवळिकीचा आहे. जेम्सला जवळ करणाऱ्याने मेरीलाही जवळ केले पाहिजे. शेवटी मेरीचे एक पत्र ऐकू येते. त्यात संताप नाही. आजारपणात आपण कटू बोललो याची खंत आहे आणि जेम्सने पुढे आपले आयुष्य जगावे, ही इच्छा आहे. हे ऐकल्यावर जेम्सचे कृत्य हलके होत नाही. उलट ते अधिक जड होते. एडीचे दुःख समजल्यानेही त्याच्या हातून मेलेली माणसे परत येत नाहीत. समजून घेणे आणि माफ करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मराठी साहित्यविचारात या अनुभवाला साजेशी एक संकल्पना आहे. नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतच साहित्याचा आनंद आहे, असा तिचा आशय आहे. खेळात ही अवस्था अधिक कसोटीची होते. कारण येथे पात्राचे हातपाय खेळाडूच हलवत असतो.

‘सायलेंट हिल २’ तर खेळाडूच्या नकळत त्याचीच परीक्षा घेतो. जखमी जेम्सवर तो वेळेवर उपचार करतो की त्याला तसाच कुढत ठेवतो? मेरीचे छायाचित्र आणि पत्र काढून पाहतो की अँजेलाने दिलेला सुरा न्याहाळत बसतो? मेरीसारख्या दिसणाऱ्या मारियाची सोबत त्याला किती हवीशी वाटते? या लहानसहान वागण्याची नोंद होत राहते आणि त्यावरून कथेचा शेवट ठरतो. एका शेवटात जेम्स लॉराबरोबर गावाबाहेर पडतो. दुसऱ्यात तो जगण्याची आशाच सोडतो. तिसऱ्यात तो मारियाला घेऊन निघतो, तोच ती खोकू लागते. जुने दुखणे नव्या रूपात पुन्हा समोर उभे राहते. अपराधानंतर माणूस स्वतःशी कसा वागतो, हाही नीतीचाच प्रश्न आहे, असे हा खेळ सुचवतो.

या नात्याचा खरा उपयोग पडद्याबाहेर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्याच्या मनात ‘हे एकदाचे संपावे’ असा विचार कधीतरी येऊन जातो. तो विचार कोणाजवळ बोलता येत नाही, आणि त्याची लाज मात्र जन्मभर पुरते. जेम्सकडे पाहताना अशा माणसाला दोन गोष्टी उमगू शकतात. मनात आलेला विचार आणि हातून घडलेले कृत्य यांत फार मोठे अंतर आहे; जेम्सने ते ओलांडले, त्याने स्वतः ओलांडलेले नाही. आणि ज्या माणसाला आपला थकवा कोणापुढेच उघड करता येत नाही, तो त्या रेषेच्या अधिक जवळ ढकलला जातो.

खेळ हा काही उपचार नव्हे. ज्याचे मन खरोखर बुडत आहे, त्याला पडद्यावरच्या पात्रापेक्षा जिवंत माणसाचा आधार हवा, आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदतही हवी. परंतु तो आधार मागण्यासाठी स्वतःच्या मनातले धुके आधी मान्य करावे लागते. आजाऱ्याची विचारपूस करायला दारात अनेकजण येतात. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारणारे थोडे असतात. जेम्सची कथा मनापासून अनुभवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारावासा वाटला, तर एका दोषी नायकाशी जडलेले नाते वाया गेले नाही.