राखेवरची पावले

गेल्या पावसाळ्यात एक पालक आमच्याकडे आले. त्यांची मुलगी विज्ञान शाखेतून बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिला न्यायसहायक विज्ञान शिकायचे होते, आणि पुढे गुन्हेशास्त्रात संशोधन करून प्राध्यापकी पत्करायची होती. "फादर, तुम्हीच तिला समजवा. प्रेते, रक्त, पोलीस, कोर्टकचेरी! चांगल्या घरच्या मुलीचे हे काम आहे का?" आम्ही मुलीला समजावले नाही. वडिलांनाच समजावण्याचा यत्न केला, पण तो साधला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या समाजाला ह्या विद्येचे वावडे का असावे, हे आम्हांस कोडेच आहे. दानिएलच्या ग्रंथाचे तेरावा व चौदावा हे अध्याय आपण कॅथलिकांनी शतकानुशतके जतन केले आहेत. त्यांत काय आहे? निष्पाप सुसान्नेवर दोन प्रतिष्ठित वडीलधारे खोटा आळ घेतात, आणि जमाव तिला दगडमार करायला निघतो. तरुण दानिएल त्या दोघांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघे दोन निराळी झाडे सांगतात आणि सुसान्नेचे प्राण वाचतात. पुढच्याच अध्यायात बेल देवाचा नैवेद्य रोज रात्री कोण फस्त करतो, हे शोधण्यासाठी तोच दानिएल देवळाच्या भूमीवर राख पसरतो. सकाळी राखेवर पावले उमटलेली दिसतात. ती असतात पुजाऱ्यांची, त्यांच्या बायकांची आणि मुलांची. साक्षीदारांची उलटतपासणी आणि घटनास्थळावरील भौतिक पुरावा, दोन्ही शास्त्रात आहेत! चोर पुजारीच निघाले, हेही आम्ही धर्मगुरूंनी विसरू नये. ख्रिस्तसभेतील अत्याचाराच्या तक्रारी दडपल्या गेल्या, म्हणूनच 2019 साली पोप फ्रान्सिस यांना त्या कळवणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक करावे लागले. राख पसरायला आपण आपल्या अंगणापासून आरंभ करावा, हे उचित.

पहिला आक्षेप असा, की हे काम अमंगळ आहे. ज्या समाजाने आपल्या लेकी परिचारिका म्हणून देशोदेशी पाठवल्या, त्याच्या तोंडी हा आक्षेप शोभत नाही. मरणाऱ्याची सेवा पवित्र, आणि मेलेल्याची बाजू मांडणे तेवढे अपवित्र, हा कुठला न्याय? ही विद्या परकीही नव्हे. बोटांच्या ठशांची जगातील पहिली कचेरी 1897 साली कलकत्त्यात निघाली, आणि ठशांच्या वर्गीकरणाची रीत बसवण्यात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता.

दुसरा आक्षेप अधिक सोवळा आहे: ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, गुन्हेगाराच्या मागे कशाला लागावे? अहो, क्षमा करायची तरी अपराध कोणाचा हे आधी ठाऊक असावे लागते! आणि ही विद्या केवळ पकडण्यासाठी नाही, ती सोडवण्यासाठीही आहे. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात 1983 व 1986 साली दोन मुलींचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली एका सतरा वर्षांच्या मुलाने दिली होती. प्राध्यापक अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. खरा खुनी 1988 साली शिक्षा पावला. एका विद्यापीठातील अध्यापकाच्या अभ्यासाने हे घडले. कबुलीजबाब म्हणजे सत्य नव्हे, हा त्यातील धडा.

आपल्याकडे मात्र झटपट न्यायाचे कौतुक. 2019 च्या डिसेंबरात हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या आरोपातील चार जण पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. मिस्सेला नित्य येणाऱ्यांनीही आमच्यापाशी समाधान व्यक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने 2022 साली निष्कर्ष काढला, की गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने, जाणूनबुजून झाला होता. सुसान्नेभोवतीच्या जमावात आणि आपल्यात मग अंतर ते काय राहिले?

तिसरा आक्षेप निराशेचा आहे: पुरावा सत्तेच्या हाती, आपण शिकून काय होणार? येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना 8 ऑक्टोबर 2020 रोजी अटक झाली. वयाच्या 84 व्या वर्षी, 5 जुलै 2021 रोजी, मुंबईत ते वारले, तेव्हा त्यांच्या जामिनाचा निर्णय व्हायचाच होता. त्यांच्या संगणकात बाहेरून शिरून कागदपत्रे पेरली गेली, असा अहवाल अमेरिकेतील एका डिजिटल तपास संस्थेने 2022 च्या डिसेंबरात दिला. आपण मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना केल्या. ते योग्यच होते. परंतु संगणकातल्या खुणा वाचू शकणारे आपल्यात किती होते? प्रार्थनेच्या जोडीला विद्या नको का?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे ठरवले आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवड आहे. हे तज्ज्ञ येणार कोठून, आणि त्यांना शिकवणार कोण? गांधीनगरला ह्या विषयाचे राष्ट्रीय विद्यापीठ 2020 पासून आहे, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्राच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे. शिवाय गुन्हा घडल्यावर धावण्यापेक्षा तो घडूच नये म्हणून झटणे, तुरुंगातून सुटलेल्याला पुन्हा उभे करणे, हाही ह्याच शास्त्राचा भाग आहे. तुरुंगातल्याला भेटणे हे दयाकृत्य म्हणून आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून पाठ करून घेतो. ते काम व्यवसाय म्हणून पत्करू म्हणणाऱ्या मुलीला मात्र आपण अडवतो!

आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या शिक्षणनिधीतून दरसाल निदान एका मुलाची वा मुलीची ह्या विषयासाठी सोय करावी. खोट्या साक्षीला मनाई करणारी आठवी आज्ञा केवळ जीभ आवरून पाळली जात नाही. खरी साक्ष शोधून काढणारे हातही तिला हवे असतात. त्या मुलीचे वडील हा अंक वाचतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पुढील प्रवेशाच्या अर्जाला अजून अवकाश आहे.