छातीवरच्या फिती काय सांगतात?

प्रजासत्ताक दिनाचे संचलन दूरदर्शनवर चालू असले की एक प्रश्न घराघरांत हमखास निघतो. सलामी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवर रंगीबेरंगी फितींच्या ओळीच्या ओळी असतात. घरातले लहान मूल विचारते, ‘‘बाबा, एवढी बक्षिसे त्यांना कशाबद्दल मिळाली?’’ आणि बाबा, ‘‘अरे, युद्धात पराक्रम केला म्हणून,’’ असे सांगून मोकळे होतात.

हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. त्या फितींपैकी काही पराक्रमाच्या असतात, काही उत्तम कामगिरीच्या आणि बऱ्याचशा निव्वळ सेवेच्या. आणखी एक गोष्ट. त्यांतली एकही ‘बक्षीस’ नसते. खेळाडू पदक जिंकतो, कारण तो पदकासाठीच मैदानात उतरलेला असतो. सैनिक पदकासाठी लढत नाही. म्हणूनच जुने लष्करी लोक ‘पदक जिंकले’ असे न म्हणता ‘पदक मिळाले’ किंवा ‘पदक दिले गेले’ असे म्हणतात.

पराक्रमाच्या पायऱ्या

स्वतंत्र भारताची स्वतःची शौर्यपदके २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र या त्या तीन पायऱ्या. तिन्हींना एकच महत्त्वाची अट आहे: पराक्रम शत्रूच्या समोर झालेला असला पाहिजे, मग तो जमिनीवर असो, समुद्रात असो वा आकाशात.

गंमत अशी की सर्वांत मोठे जे परमवीर चक्र, ते सोन्याचे नाही आणि चांदीचेही नाही. ते साध्या कांस्याचे असते आणि जांभळ्या फितीला लटकते. त्याचे रेखाटन केले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करण्यासाठी त्या इकडे आल्या आणि पुरत्या इथल्याच झाल्या. पदकावर काय असावे याचा विचार करताना त्यांना इंद्राचे वज्र सुचले. दधीची ऋषींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून वज्र घडले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. दुसऱ्यांसाठी हाडेही देऊन टाकणाऱ्याची ती खूण या पदकावर चारदा कोरली आहे. दुर्दैवाचा योग असा की पहिले परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळाले, ते मेजर सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होते. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे, एक हात प्लॅस्टरमध्ये असताना ते लढले आणि तिथेच कामी आले.

आजवर परमवीर चक्र फक्त एकवीस जणांना मिळाले आहे. त्यांतली चौदा पदके मरणोत्तर आहेत. या एका आकड्यातच या पदकाचे मोल आले.

पराक्रम म्हणजे फक्त गोळीबार नव्हे

सिनेमे पाहून आपली अशी समजूत झालेली असते की पराक्रम म्हणजे बंदूक घेऊन धावत सुटणे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची हकिगत वाचली की ही समजूत गळून पडते. राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे आणि बाँबे सॅपर्सचे अधिकारी. सॅपर्स म्हणजे रस्ते, पूल बांधणारी आणि सुरुंग काढणारी पलटण. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या फौजेची वाट सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी अडवलेली होती. ८ एप्रिलला काम सुरू होते न होते तोच तोफगोळे पडले. राणेंची दोन माणसे मरण पावली, पाच जखमी झाली आणि त्या पाचांत स्वतः राणेही होते. तरीही ते मागे गेले नाहीत. ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस, शत्रूच्या माऱ्यात, ते सुरुंग काढत आणि रस्ता मोकळा करत राहिले. एके ठिकाणी तर रस्त्यावर पाइनची मोठी झाडे आडवी टाकून भोवती सुरुंग पेरलेले होते. तो अडथळाही त्यांनी उडवून लावला. रणगाडे पुढे सरकले ते त्यांच्यामुळे.

राणेंना परमवीर चक्र मिळाले आणि ते स्वीकारायला ते स्वतः हयात होते. हयातीत हा मान मिळालेले ते पहिलेच. गुडघ्यांवर बसून, जखमी अंगाने, मातीतून मृत्यू उकरून काढणे हाही पराक्रमच, हे त्या पदकाने नोंदवून ठेवले.

याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव हे ते दोघे. घाडगेंच्या तुकडीतला एक ना एक माणूस पडला तेव्हा ते एकटे मशीनगनवर चालून गेले आणि जुलै १९४४ मध्ये तिथेच मरण पावले. जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीच्या काठी दोन जखमींना गोळीबारातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढले. त्यानंतर ते पुन्हा मशीनगनच्या ठाण्यांवर तुटून पडले.

कागदाचा लांब प्रवास

आता मूळ प्रश्न. पदक मिळते कसे?

सैनिकाला ते मागता येत नाही. त्याच्या वतीने लिहायचे असते ते त्याच्या कमांडिंग ऑफिसरने. काय घडले, कुठे घडले, कोणत्या परिस्थितीत घडले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे सारे नेमकेपणाने लिहावे लागते. सोबत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची निवेदने जोडावी लागतात. हा कागद मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत मुख्यालयात जातो. प्रत्येक पायरीवर वरिष्ठ आपले मत नोंदवतो. महावीर चक्राची शिफारस वीर चक्रावर येऊ शकते किंवा पूर्ण नामंजूरही होऊ शकते. शेवटी समितीपुढे छाननी होते, राष्ट्रपतींची मंजुरी मिळते आणि नाव भारताच्या राजपत्रात छापून येते. बहुतेक नावे प्रजासत्ताक दिनी किंवा स्वातंत्र्य दिनी जाहीर होतात.

म्हणजे पदकासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: पराक्रम, तो पाहणारा आणि तो लिहिणारा. पहिली गोष्ट असूनही उरलेल्या दोन नसतील तर पदक मिळत नाही. रात्रीच्या अंधारात, बर्फाच्या कड्यावर, सगळी तुकडीच्या तुकडी गारद झाली तर सांगणार कोण? आणि कुणी वाचला, तरी तो स्वतःच्या जखमा बांधणार की कागद लिहीत बसणार? असे किती पराक्रम मातीखाली गेले असतील, त्याची गणती कुठल्याच कार्यालयात नाही.

कागदाची चूकही होऊ शकते. १९९९ मध्ये कारगिलच्या टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांचे परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले होते. त्याच नावाचा त्यांचा एक सहकारी धारातीर्थी पडला होता. हे यादव मात्र अंगात अनेक गोळ्या घुसूनही इस्पितळात जिवंत होते. वय अवघे एकोणीस!

शांततेतले शौर्य

शत्रूशी समोरासमोर गाठ पडली नसेल, तर त्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र आहेत. १९५२ मध्ये ती अशोक चक्र वर्ग एक, दोन, तीन अशी सुरू झाली. आजची नावे १९६७ ची. तिन्हींची फीत हिरवी असते आणि तिच्यावर नारिंगी रेघा असतात. अशोक चक्राला एक, कीर्ती चक्राला दोन, शौर्य चक्राला तीन. इथे रेघा जितक्या कमी तितका मान मोठा!

ही पदके गणवेश नसणाऱ्यांनाही मिळतात. नीरजा भनोत या हवाई सुंदरीने ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर अपहृत विमानातील प्रवाशांना वाचवताना प्राण दिले. अशोक चक्र मिळालेली ती पहिली स्त्री. आपल्या सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण नळी सोडली नाही. त्यामुळेच सहकाऱ्यांना तो अतिरेकी जिवंत पकडता आला. त्यांनाही मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले.

उरलेल्या फिती

मग बाकीच्या फिती कसल्या? परम विशिष्ट, अतिविशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदके उत्कृष्ट सेवेची असतात. युद्धकाळातील उत्तम कामगिरीसाठी युद्ध सेवा पदकांची वेगळी मालिका आहे. सेना पदक शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. एखाद्या मोहिमेत भाग घेतला, सियाचिनसारख्या ठिकाणी ठरावीक काळ काढला, तर त्याची पदके वेगळी. आणि नऊ, वीस, तीस वर्षांच्या सेवेची दीर्घ सेवा पदके तर साध्या शिपायालाही मिळतात.

या शेवटच्या पदकांकडे आपण फारसे लक्ष देत नाही. ‘‘हे काय, सगळ्यांनाच मिळते!’’ असे एखादा नातेवाईक लग्नसमारंभात सहज बोलून जातो. पण वीस वर्षांच्या फितीचा हिशेब करून पाहा. घरापासून दूर गेलेल्या कितीतरी दिवाळ्या, न पाहिलेले मुलाचे पहिले पाऊल, वडिलांच्या आजारपणात न मिळालेली रजा. आणि त्याच काळात इकडे एकटीने शाळेची फी भरणारी, सासूचे औषधपाणी करणारी, रात्री दाराची कडी दोनदा तपासणारी बायको. त्या फितीत निम्मा वाटा तिचा असतो, मात्र राजपत्रात तिचे नाव येत नाही.

पदक मरणोत्तर असेल तर ते घेण्यासाठी तिलाच पुढे यावे लागते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शौर्यपदकाबरोबर दरमहा भत्ता मिळतो आणि पश्चात तो पत्नीला चालू राहतो. पूर्वी मात्र तिने पुनर्विवाह केला, तर तो दिराशी केला असेल तरच भत्ता चालू राहत असे! ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने काढून टाकली. पतीच्या पराक्रमाचा मान राखायचा आणि त्याच मानाने त्याच्या पत्नीचे आयुष्य बांधून टाकायचे, हा कुठला न्याय होता? आपल्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला हा बदल जरूर सांगा. अधिक चौकशीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच.

आणखी एक विनंती. अनेक घरांत आजोबांची पदके ट्रंकेच्या तळाशी पडून असतात. कुठे ती मुलांच्या खेळण्यांत जातात, तर कुठे जुन्या बाजारात किलोच्या भावाने. ती बाहेर काढा. बहुतेक पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. ते वाचा आणि वहीत उतरवून ठेवा. आजोबा हयात असतील तर एकेका फितीवर बोट ठेवून विचारा, ‘‘ही कुठली?’’ पहिल्यांदा ते हसून विषय बदलतील. सैनिक स्वतःविषयी बोलायला संकोचतोच. पण थोडा धीर धरा, पुन्हा विचारा. पदकाचा कागद साहेबांनी लिहिला होता, पण त्या दिवशी शेजारी कोण होते, कोण परत आले नाही आणि घरचे पत्र किती दिवसांनी हाती पडले, हे त्या कागदात नाही. ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे.