भिडे वाडा पडला, शाळेचं काय?

दगडूशेठ गणपतीचा फोटो रस्त्यावरून काढताना आपली पाठ भिडे वाड्याच्या जागेकडे असते. वाडा आता नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, सुप्रीम कोर्टात भाडेकरूंची याचिका फेटाळली गेल्यावर महापालिकेने तो रात्रीतून पाडला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे.

१८४८ साली तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. जोतिराव तेव्हा कॉलेजच्या वयाचे आणि सावित्रीबाई अकरावी-बारावीच्या. ही शाळा काही महिन्यांतच बंद पडली, पण १८५१ मध्ये जवळच्याच चिपळूणकर वाड्यात दुसरी उभी राहिली.

इथून पाच-सात मिनिटं चाललं की विश्रामबाग वाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब, नक्षीदार सज्जा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरली, अर्थात ब्राह्मण मुलांसाठी. गंमत म्हणजे १८५२ मध्ये मुलींच्या शाळांच्या कामाबद्दल सरकारने जोतिरावांचा सत्कार केला, तो याच वाड्यात! हा वाडा आजही दिमाखात उभा आहे.

भिडे वाड्यात असं कोरीवकाम बघायला कुणी गेलं नसतं. पेठेतल्या कितीतरी वाड्यांसारखाच तो: लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यात भरलेल्या भिंती, खाली दुकानं. अशा बांधकामाचा शत्रू एकच, पाणी. छप्पर गळू लागलं की तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, मग भिंत फुगते. दरवर्षी पावसाळ्याआधी डागडुजी केली तर असा वाडा शंभर-दीडशे वर्षं सहज टिकतो. पण मालकी, भाडेकरू, महापालिका, कोर्ट असा गुंता झाला की शिडी लावून वर कोण चढणार? देखण्या इमारती आपण वाचवतो. साध्या इमारतीत काय घडलं होतं हे ती पडायला आल्यावर आठवतं.

आता प्रश्न स्मारकाचा. दर्शनी भागाला खोटे लाकडी खांब चिकटवून वाडा परत येत नाही. पुतळा, म्युरल, लाइट अँड साउंड शो हे सगळं होईलच, होऊ दे. पण तिथे मुलींसाठी एक मोफत अभ्यासिका हवीच. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या किती मुली महिन्याला पैसे मोजून खुर्चीभर जागा घेतात, हे आपल्या ग्रुपमधल्या कुणालाही विचारा. रात्री अकराला रूमवर परतताना काय वाटतं, हेही विचारा. इमारतीचा आराखडा कसाही असो. सकाळी सातला दार उघडावं, आत टेबलं, दिवे आणि पिण्याचं पाणी असावं, आणि बाहेर तिकीट खिडकी नसावी.