चकाकीचे भांडवल

नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये जमलेले कुटुंब हे आपल्याकडचे एक प्रसन्न दृश्य असते. आजी-आजोबांपासून धाकट्या नातवापर्यंत सगळे आलेले असतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ, पेढे, किल्ली हातात घेतानाचा फोटो, सारे यथासांग पार पडते. हे उरकण्याच्या थोडे आधी, विम्याचे कागद पुढे सरकवता सरकवता, विक्रेता तरुण हलकेच विचारतो, ‘‘साहेब, सिरॅमिक कोटिंग करून देऊ ना? ९ एच आहे. पुढची काही वर्षे रंगाकडे बघायला नको.’’ आकडा हजारांत असतो, आणि तोही लहान नसतो. पण एवढी लाखांची गाडी घेतली, त्यात हे काय मोठेसे, म्हणून मान हलते. आपण नेमके काय विकत घेतले, हे मात्र घरात कोणालाच नीट ठाऊक नसते.

ते ठाऊक असायला हवे. गाडी निगुतीने धुण्याचा, पुसण्याचा, तिला झिलई देण्याचा एक शौक आता आपल्याकडेही रुजला आहे. ‘डिटेलिंग’ हे त्याचे नाव. अमेरिकेत आणि युरोपात त्याला कित्येक दशके लोटली. तिथे रविवारची सकाळ बादल्या, स्पंज, मायक्रोफायबरची फडकी आणि पॉलिशिंग मशिन घेऊन गॅरेजमध्ये घालवणारे हजारो हौशी लोक आहेत. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या पार्किंगमध्येही असे तरुण दिसू लागले आहेत. या मंडळींच्या अनुभवातून जे शहाणपण हाती येते ते मोठे मजेशीर आहे. नवशिका घासण्याने सुरुवात करतो आणि जाणकार शक्यतो न घासण्यापाशी येऊन थांबतो. असे का व्हावे, हे समजण्यासाठी गाडीच्या रंगाकडेच थोडे जवळून पाहावे लागेल.

मोटारगाडीचे सुरुवातीचे रंगकाम हे घोडागाडीच्या रंगकामाचेच पुढचे पाऊल होते. ब्रशने व्हार्निशचे हात मारायचे आणि वाळण्याची वाट पाहायची. त्यात आठवडेच्या आठवडे जात. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. पुढे ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून तासाभरात वाळणारा रंग तयार केला. जनरल मोटर्सने तो १९२३ च्या सुमारास आपल्या ‘ओकलंड’ गाड्यांना दिला आणि रस्त्यावर निळ्या-हिरव्या गाड्या दिसू लागल्या. त्या रंगाचे व्यापारी नाव होते ‘ड्यूको’. आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या तोंडी आजही ‘ड्यूको मारून देतो’ असे शब्द येतात, त्यांचे मूळ हे असे शंभर वर्षे जुने आहे.

त्या रंगात एक उणीव होती. उन्हातान्हात तो लवकर निस्तेज पडे. मग वरचा मेलेला थर घासून काढायचा, खालचा ताजा रंग उघडा करायचा आणि त्यावर मेण चढवायचे, अशी रीत पडली. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे मेण त्यासाठी नावाजले गेले. ज्यांच्या घरी फियाट किंवा अँबॅसडर होती त्यांना आपल्याकडचे ‘रबिंग-पॉलिश’ आठवत असेल. घासताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, आणि तासाभराने जुनी गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसायची. रंग वरपासून खालपर्यंत एकच होता, म्हणून हे चालून जाई.

गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून ही घडण बदलत गेली. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ म्हणजे पारदर्शक लाखेसारखा थर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर असतो जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. गाडीची चकाकी त्या थराची आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षणही त्याचेच. कारखान्यात तो सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का केलेला असतो. बाहेरच्या गॅरेजात तयार गाडी इतकी तापवता येत नाही, कारण आतले प्लॅस्टिक, वायरी, रबर हे सोसणार नाहीत. तांब्याच्या भांड्याची कल्हई गेली तर पूर्वी कल्हईवाला दारात येई आणि भांडे पुन्हा लखलखीत होई. कारखान्यातल्या क्लिअर कोटला असा कल्हईवाला नाही. गाडीबरोबर एकदा मिळालेले हे भांडवल आहे, आणि प्रत्येक घासण्यात त्यातून थोडे खर्ची पडते.

आता ओरखड्यांकडे वळू. दुपारच्या उन्हात काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. पुसणाऱ्याने गोल हात फिरवला म्हणून त्या उमटल्या, असा सार्वत्रिक समज आहे. खरे तर त्या सगळ्या दिशांना गेलेल्या बारीक सरळ रेघा असतात. त्यातल्या ज्या रेघा प्रकाशाला विशिष्ट कोनात असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळाचा भास होतो. जागा बदलून उभे राहा, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकते. स्टेनलेस स्टीलच्या जुन्या ताटात दिव्याचे प्रतिबिंब पाहिले तर हाच चमत्कार घरबसल्या दिसेल.

या रेघा काढायच्या तर त्यांच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा थर खरवडून सपाट करावा लागतो. पॉलिश करणे म्हणजे रेघ भरणे नव्हे; रेघेच्या दोन्ही काठांची जमीन खाली आणणे. त्यासाठी दोन प्रकारची यंत्रे असतात. पहिले ‘रोटरी’. त्याची गादी एकाच आसाभोवती गरगरा फिरते. काम झपाट्याने होते, पण एका जागी क्षणभर जास्त रेंगाळले की उष्णता साठते आणि बॉनेटच्या कडेला किंवा दरवाजाच्या धारेवर क्लिअर कोट जळून खालचा रंग उघडा पडतो. दुसरे ‘ड्युअल ॲक्शन’. त्याची गादी फिरता फिरता डगमगतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि नवशिक्याच्या हातूनही सहसा अनर्थ होत नाही. हौशी मंडळींत हे यंत्र लोकप्रिय झाले ते यामुळेच.

जाणकार माणूस यंत्र सुरू करण्याआधी थराची जाडी मोजतो. त्यासाठी मुठीत मावेल एवढे उपकरण मिळते. तेही एकूण जाडीच सांगते. त्यात वरचा पारदर्शक थर नेमका किती उरला ते सांगत नाही. म्हणून तो सर्वांत सौम्य गादी आणि सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन हातभर जागेवर प्रयोग करतो आणि तेवढ्याने भागले तर पुढे जात नाही. उलट काही ठिकाणी तेलकट, रेघा बुजवणारे पॉलिश फासून गाडी अर्ध्या तासात आरशासारखी करून देतात. चार-सहा धुण्यांत ते तेल निघून जाते, रेघा परत हजर होतात आणि गाडी पुन्हा पॉलिशला जाते. असे दर सहा महिन्यांनी केले तर काही वर्षांत टपावरचा आणि बॉनेटवरचा थर सालपटासारखा निघू लागतो.

मग त्या शोरूममधल्या ‘९ एच’चे काय? ही सिरॅमिकची मात्रा निव्वळ थोतांड आहे असे नाही. सिलिकॉनच्या संयुगांचा तो द्रव क्लिअर कोटला घट्ट धरून बसतो, मेणापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, डाग लवकर धरू देत नाही आणि गाडी धुणे सोपे करतो. एवढे गुण पुरेसे आहेत. पण त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते, आणि ‘९ एच’ हा आकडा येतो पेन्सिलींच्या चाचणीतून. मऊ ‘६ बी’पासून कडक ‘९ एच’पर्यंतच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडत नाही ते पाहतात. पुष्कळांना वाटते की हिऱ्याची कठीणता १० आणि याची ९. ती मोजपट्टी निराळी. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते कुठल्याही पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतात. त्यांना हा थर दाद देत नाही असे म्हणणे म्हणजे धोतराला चिलखत म्हणण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे मोत्यासारखे थेंब घरंगळताना दाखवून भुरळ घातली जाते. अळवावरचे पाणी आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. त्याच जातीची, पण त्याहून बरीच कमी ताकदीची ही करामत आहे. अळवावरचा थेंब ओघळून जातो. सपाट टपावरचा थेंब उन्हात तिथेच आटतो आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार गोल डागाच्या रूपाने मागे ठेवतो. म्हणजे कोटिंग केल्यावर गाडी पाहायलाच नको, हे खरे नाही. धुतल्यावर ती आठवणीने कोरडी करायलाच हवी. आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत गंज चढतो तो बहुधा खालून, चाकांच्या कमानीतून आणि दाराच्या तळाशी. बॉनेटवरच्या कोटिंगचा तिथे काहीच इलाज चालत नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष हौशी डिटेलर कधीच काढून बसले आहेत: गाडीचा रंग बिघडतो तो मुख्यतः धुताना आणि पुसताना. म्हणून त्यांचा सारा भर धुण्यावर असतो. आधी नुसत्या पाण्याने किंवा फेसाने वरची धूळ सोडवून घ्यायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शांपू आणि दुसरीत साधे पाणी. स्पंज किंवा मिट गाडीवरून फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शांपूत बुडवायचा. चाकांचे फडके वेगळे. भांड्यांचा साबण नाही, कोरडा झटका नाही, उन्हात धुणे नाही. पक्ष्यांची विष्ठा दिसली की ओल्या फडक्याने भिजवून लगेच काढायची, कारण तापलेल्या पत्र्यावर ती क्लिअर कोट कुरतडते. दसऱ्याला झेंडूची माळ अवश्य घालावी. फक्त तिचा दोरा आठवडाभर बॉनेटवर घासत लोंबकळू नये, एवढेच. या सगळ्याला खर्च येतो तो दोन बादल्या आणि चार फडक्यांचा.

इथे आपल्या घरातली एक गोष्ट बोलायला हवी. आपल्या सोसायट्यांत गाडी रोज पुसली जाते. पहाट फुटायच्या आत एक माणूस एक बादली आणि एक फडके घेऊन पंधरा-वीस गाड्या उरकतो. गाडीमागे त्याला महिन्याला काहीशे रुपये मिळतात. तिसऱ्या गाडीनंतर त्या बादलीतले पाणी गढूळ होते, आणि पहिल्या गाडीची वाळू सातवीच्या दारावर फिरते. ओरखडे दिसले की बोलणी त्यालाच बसतात. पण त्याला नळ किती वेळ मिळतो, फडके कोण देते, ‘रोज पुसलीच पाहिजे’ हा आग्रह कोणाचा, हे प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. हजारो रुपयांच्या कोटिंगला मान डोलावणारे आपण त्याला दोनशे रुपयांची फडकी घेऊन देताना मात्र हिशेब करतो. रोजचे पुसणे बंद करून आठवड्यातून एकदा नीट धुणे, आणि त्याचे पैसे तितकेच किंवा थोडे अधिक, असे ठरवले तर गाडीचाही फायदा आणि त्या माणसाच्या पाठीचाही.

पाण्याचाही फायदा आहेच. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला टंचाई इतकी वाढली की तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपयांचा दंड लावला. आपल्या शहरांवर ती पाळी येणार नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. नळी दहा मिनिटे सोडून ठेवली की शंभर लिटर सहज जातात. बादलीत थोडे औषध घालून, पुन्हा न खळखळता गाडी धुण्याची ‘रिन्सलेस’ पद्धत आठ-दहा लिटरांत भागवते. गाडी फार चिखललेली नसेल तर ती पुरते.

शेवटी प्रश्न उरतो तो नव्याच्या हव्यासाचा. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींची प्रतिष्ठेची स्पर्धा भरते. तिथे वर्षानुवर्षे पूर्ण नव्याने रंगवलेल्या, कारखान्यातूनही इतक्या चकचकीत निघाल्या नसतील अशा गाड्यांची सद्दी होती. पुढे तिथेच कधीही न रंगवलेल्या, मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग करण्यात आला. फिकट झालेला रंग, कातड्याच्या सीटवरच्या सुरकुत्या, एखादा जुना ओरखडा यांना तिथे मान मिळतो, कारण मूळ रंग गाडीला एकदाच मिळतो हे जाणकारांना पटले आहे.

आपली गाडी काही प्रदर्शनात जायची नाही. ती मुलांना शाळेत सोडणार, गणपतीला गावी जाणार, पावसात भिजणार, आणि कधीतरी रिक्षा तिला घासून जाणार. तिच्यावर दोन-चार रेघा राहिल्या तर राहू द्याव्यात. हाताने निवांत गाडी धुण्याचा छंद मात्र जरूर जोपासावा. रविवारी सकाळी मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन सावलीत केलेले ते काम घरातल्या अनेक करमणुकींपेक्षा बरे. फक्त हातात पॉलिशचे यंत्र घेण्याआधी एकदा विचारावे, की ही रेघ खरोखर मला खुपते आहे, की शेजाऱ्याची गाडी माझ्याहून जरा जास्त चमकते आहे? दुसरे उत्तर आले, तर यंत्र पेटीत ठेवून बादली भरायला घ्यावी.