दात पांढरे करण्याआधी पाणी तपासा

लग्नसराई जवळ आली की दंतवैद्याकडे एक प्रश्न हमखास येतो, 'दात पांढरे करायला काय चांगलं?' बाजारात व्हाइटनिंगची पेस्ट, पट्ट्या, कोळशाची पावडर असं सगळं मिळतं. पण यवतमाळ जिल्ह्यात उपाय निवडण्याआधी डाग कशाचा आहे, हे पाहायला हवं.

चहा, खर्रा, मिश्री यांचे डाग दाताच्या वरच्या थरावर बसतात. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की त्यातले बरेच निघतात. अर्थात खर्रा सुरूच राहिला, तर ते पुन्हा येतात. वयानुसार आलेला पिवळेपणा पेरॉक्साइडच्या ब्लीचिंगने कमी होतो. हे दंतवैद्याच्या देखरेखीखाली करावं. काही दिवस दात शिवशिवू शकतात.

केळापूर, झरी जामणी, वणी, मारेगाव या भागांतल्या अनेक गावांत मात्र दातांवर वेगळेच डाग दिसतात. दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे, आडवे, खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतात. हा दंत फ्लोरोसिस. खडकांतलं फ्लोराइड बोअरवेलच्या पाण्यात उतरतं. एका लिटरमध्ये ते 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणी पोटात गेलं, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दाताचं आवरणच बिघडतं. म्हणजे डाग दातावर बसलेला नसतो, दातातच असतो.

असा डाग घासून जात नाही. लिंबू-सोडा किंवा कोळशाने दात घासल्यास उरलेलं आवरणही झिजतं. नुसत्या ब्लीचिंगने पांढरे ठिपके सुरुवातीला अधिक उठून दिसू शकतात. डाग सौम्य असतील तर दंतवैद्य वरचा अगदी पातळ थर घासून काढतात, गरजेनुसार जोडीला ब्लीचिंग करतात. डाग गडद असतील तर दातावर कॉम्पोझिट किंवा व्हेनिअरचा थर चढवावा लागतो. तो खर्चिक असतो आणि कायमचा टिकत नाही.

खरा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. पुढचे कायमचे दात साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतात. तोवर मुलांना सुरक्षित पाणी मिळालं, तर हे डाग पडतच नाहीत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं. आरओने ते कमी होतं. तुरटी आणि चुन्याची 'नालगोंडा' पद्धत तर नागपूरच्या 'नीरी'नेच विकसित केली आहे.

मोठ्यांनीही हा विषय केवळ दिसण्याचा समजू नये. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर सांधे आखडतात, पाठ वाकते. म्हणून मुलाच्या दातांवर असे पट्टे दिसले, तर दंतवैद्याला दाखवाच, पण ग्रामपंचायतीकडे आपल्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवालही मागा. त्यात फ्लोराइडचा आकडा पाहा.