उडवून काढलेले फोटो

कोजागिरीच्या आसपासचा रविवार आला की अलिबागजवळच्या आक्षीला मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात. लडाख-तिबेटकडचे चिखल्या, उत्तरेतले तुतवार, कुरव, सुरय तोवर वाळूवर उतरलेले असतात. त्यांना बघायला लोक येतात, इथवर ठीकच. मग कोणीतरी म्हणतं, “उडवा ना जरा, फ्लाइट शॉट मिळेल.” आणि एक जण सरळ थव्यात चालत जातो.

हे मी दरवर्षी पाहतो. याला पक्षिनिरीक्षण म्हणायला माझी हरकत आहे.

या पक्ष्यांचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की दिवस असो वा रात्र, ते किडे, शिंपले, बारके खेकडे टिपतात. भरतीला ते ताट पाण्याखाली गेलं की वर सरकून कोरड्या वाळूवर एका पायावर उभे राहतात. आपल्याला वाटतं, रिकामटेकडे आहेत. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार सुरूच्या झाडांकडे सरकतं, वाळूची पट्टी अरुंद होते आणि सगळा थवा तिथे दाटीवाटीनं बसतो. फोटो तेव्हाच सोपा असतो, आणि पक्ष्याला जायला दुसरी जागाही नेमकी तेव्हाच नसते. शिवाय शरदात आलेले पुष्कळसे प्रौढ पक्षी पंखांतली जुनी पिसं गाळत असतात. जेमतेम 60-70 ग्रॅमचा चिखल्या, हिमालयापलीकडून आलेला, पंखात फटी पडलेल्या. त्याला तासाभरात चारदा उडवायचं.

“ससाणाही उडवतोच की,” हे उत्तर ठरलेलं. बहिरी ससाणा पोटासाठी येतो, एक झडप घालतो, निघून जातो. त्याच्यामागून दहा मिनिटांनी दुसरी बॅच येत नाही.

दुसरं उत्तर जास्त चलाख आहे: फोटोंमुळे जागृती होते. कसली? बीएनएचएससारख्या संस्था या पक्ष्यांच्या पायात कडी आणि रंगीत पट्ट्या अडकवतात. त्यावरची अक्षरं वाचता आली तर तो पक्षी कुठून कुठे गेला ते कळतं. ती अक्षरं स्वस्थ उभ्या पक्ष्याच्या पायावर वाचता येतात. उधळलेल्या थव्याच्या फोटोत मावळता सूर्य छान येतो, पट्टी क्वचितच वाचता येते. पण लाइक त्यालाच, आणि स्पर्धांतली बक्षिसंही बहुतेकदा त्यालाच. पर्यटकांच्या घोडागाड्यांवर आणि भटक्या कुत्र्यांवर तावातावानं लिहिणारे आपले गट या बाबतीत गप्प असतात, कारण सहलीची वर्गणी भरणारा हाच माणूस असतो.

मी जे मागतोय ते अवघड नाही. गट नेणाऱ्यानं गाडीतून उतरण्याआधी सांगावं की थव्यात कोणी शिरणार नाही. स्पर्धेच्या परीक्षकांनी उधळलेल्या थव्याचा फोटो आला तर तो कशानं उधळला हे विचारावं. आणि भरतीच्या दोन तास आधी जाऊन, उंचावरची बसायची जागा त्यांना मोकळी सोडून, बाजूला वाळूत बूड टेकावं. पाणी चढतं तसे पक्षी आपणहून पावलापावलानं जवळ येतात, मोठी लेन्स नसली तरी डोळ्याभोवतीची पिसं दिसतील इतके.